कॉम्प्रेसर गेला, असे केव्हा म्हणावे?



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आम्हांला अनुमानावर बोलायला सांगितले. आम्ही म्हटले, बोलतो, पण उदाहरण म्हणून बंद पडलेला फ्रिज घेतो. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "सर, तुम्हाला योग्य वाटेल ते." (हशा)

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे डोंगर, धूर आणि आग हेच उदाहरण देत आलो. उदाहरण उत्तम आहे. पण त्यात विद्यार्थी चुकला तर त्याचे फार तर दोन गुण जातात. फ्रिजच्या बाबतीत चुकले तर घरातले पाच-सात हजार रुपये जातात, आणि कधी कधी त्याहून मोलाचे काही. म्हणून आज फ्रिज. आम्ही मेकॅनिक नाही, हे आधीच कबूल करतो. एका जुन्या मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून जे पाहिले, आणि त्यानंतर विचारून, वाचून जे समजले, तेवढेच सांगणार आहोत.

घडले ते असे

मे महिना होता. संध्याकाळी सातच्या सुमारास वीज गेली आणि मिनिटभराच्या आत परत आली. पंखे सुरू झाले, दिवे लागले. फ्रिज मात्र सुरू होईना. आमचा फ्रिज एका दाराचा, बारा वर्षांचा. मागून "घुंऽऽ" असा दबका आवाज यायचा, काही सेकंद टिकायचा, मग "टक" व्हायचे आणि शांतता. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घुंऽऽ, पुन्हा टक. दार उघडले तर आतला दिवा लख्ख.

आम्ही काय केले? जे कुणीही करेल ते. बटण बंद केले, चालू केले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. असे आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी वाटायचे, या खेपेला होईल.

आत पत्नीचे इन्सुलिन होते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते. दार न उघडता ठेवले तर फ्रिजमधला गारवा साधारण चार तास धरून राहतो. आम्ही तर काळजीपोटी दर दहा मिनिटांनी दार उघडून "अजून गार आहे ना" हे पाहत होतो, म्हणजे तो गारवा स्वतःच बाहेर काढत होतो. शेवटी पत्नी म्हणाली, "तुमचा तो तर्क राहू द्या, मी डबी शेजारी ठेवून येते." आणि ती ठेवून आली. त्या संध्याकाळी आमच्या घरात झालेली ही एकमेव शहाणपणाची कृती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण मेकॅनिक आला. त्याने फ्रिज पुढे ओढला, मागच्या काळ्या डब्याला हात लावला, तो गरम लागला. घुंऽऽ आणि टक ऐकले. दोन मिनिटांत निर्णय दिला, "कॉम्प्रेसर गेला. जुना आहे. नवीन टाकून, गॅस भरून साडेपाच हजार. संध्याकाळपर्यंत सांगा."

आता इथे थांबू या. या मुलाने काय केले? त्याने अनुमान केले. घुंऽऽ करून टक होते, सुरू होत नाही, म्हणून कॉम्प्रेसर गेला. हे अनुमान बरोबर की चूक, हे ठरवायचे तर त्या डब्याच्या आत काय चालते ते आधी समजून घ्यावे लागेल.

मोटर स्वतःहून सुरू का होत नाही

त्या काळ्या डब्यात दोन गोष्टी आहेत, गॅस दाबणारा पंप आणि त्याला फिरवणारी मोटर. दोन्ही एकाच पोलादी कवचात बंद करून वरून वेल्डिंग केलेले. आत हात घालायला जागा नाही.

आपल्या घरातली वीज सिंगल फेज, २३० व्होल्टची. या विजेवर चालणाऱ्या साध्या मोटरची एक गंमत आहे. एकदा फिरू लागली की ती फिरत राहते, पण उभी असेल तर स्वतःहून फिरायला सुरुवात करू शकत नाही. का? सायकल आठवा. एक पायंडल बरोबर वर आणि दुसरे बरोबर खाली असेल, आणि तुम्ही वरच्या पायंडलवर सरळ खाली दाब दिला, तर कितीही जोर लावा, चाक हलत नाही. जोर आहे, पण वळवणारा जोर नाही. एकाच वाइंडिंगमधली वीज असाच जोर देते. चुंबकत्व वाढते, कमी होते, उलटते, पण एकाच रेषेत. त्याला फिरवायचे असेल तर दुसऱ्या कोनातून, किंचित निराळ्या क्षणी दुसरा धक्का हवा. असे दोन धक्के एकमेकांच्या मागोमाग दिले की चुंबकीय क्षेत्र फिरू लागते, ही कल्पना १८८८ साली इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे जगापुढे मांडली.

तुमच्या घरातल्या पंख्याचे उदाहरण घ्या. पंख्याचा कंडेन्सर गेला की पंखा नुसता घूंघूं करतो. मग आपण काय करतो? काठीने पात्याला हलका धक्का देतो, आणि तो फिरू लागतो. म्हणजे मोटर चांगली होती, सुरुवातीचा धक्का मिळत नव्हता. फ्रिजचेही तेच. फरक इतकाच की त्या बंद डब्यात आपली काठी पोहोचत नाही.

म्हणून कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात. एक रनिंग, कायम चालणारे. दुसरे स्टार्टिंग, फक्त सुरुवातीच्या क्षणापुरते. मोटरने वेग घेतला की स्टार्टिंगमधली वीज तोडायची. हे काम डब्याच्या बाजूला बसवलेला छोटा रिले करतो. आजकाल बऱ्याच साध्या फ्रिजांत हा रिले म्हणजे नाण्याएवढी एक चकती असते. तिला पीटीसी म्हणतात. चकती थंड असते तेव्हा वीज सहज जाऊ देते. वीज गेली की ती क्षणात तापते, तापली की तिचा विरोध हजारो ओहमवर जातो आणि स्टार्टिंगची वीज जवळजवळ बंद होते. रिलेच्या शेजारी आणखी एक छोटा भाग असतो, ओव्हरलोड. मोटर अडकली की ती चालताना घेते त्याच्या कित्येक पट वीज ओढते. ओव्हरलोडमधली दुहेरी धातूची पट्टी त्या उष्णतेने वाकते आणि वीज तोडते. आम्ही ऐकलेला "टक" तोच. पट्टी गार झाली की पुन्हा जुळते, पुन्हा प्रयत्न, पुन्हा टक.

म्हणजे घुंऽऽ हा मोटर मेल्याचा आवाज नव्हे. रनिंग वाइंडिंगला वीज मिळते आहे, पण मोटर वळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि "टक" हा तर मोटरला वाचवणाऱ्याचा आवाज आहे.

एक आवाज, चार कारणे

आता मोटर वळत का नसेल? निदान चार कारणे संभवतात.

पहिले, आतला दाब. फ्रिज चालू असताना पंपाच्या एका बाजूला गॅसचा दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. बंद झाल्यावर केसासारख्या बारीक नळीतून हे दाब हळूहळू सारखे होतात. त्याला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधी सुरू करायला गेलात, तर या छोट्या मोटरला तेवढा दाब ढकलून वळणे जमत नाही. ती पीटीसी चकतीही अजून गरम असते, म्हणजे सुरुवातीचा धक्काही नाही. वीज जाऊन लगेच परत आली की नेमके हेच होते. या परिस्थितीत पूर्ण निरोगी फ्रिजसुद्धा घुंऽऽ आणि टक करतो. त्याला औषध एकच, प्लग काढून दहा मिनिटे गप्प बसणे.

दुसरे, व्होल्टेज. मोटरचा वळवणारा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळाले, तर जोर सत्तर टक्के राहत नाही. तो ४८ टक्के राहतो, निम्म्याहून कमी. आणि अशा व्होल्टेजवर आतला छोटा दिवा मात्र लागतो.

तिसरे, रिले. चकती फुटली, जळली, किंवा ज्या फ्रिजांना कपॅसिटर असतो त्यांचा कपॅसिटर गेला, की पंख्यासारखी अवस्था. जोर आहे, धक्का नाही.

चौथे, खरोखरच कॉम्प्रेसर. पंप आत अडकला, किंवा वाइंडिंग जळले.

चारही कारणांत कानाला ऐकू येते ते जवळजवळ सारखेच. पहिल्यावर खर्च शून्य. दुसऱ्यावर एखाद्या प्लगचा. तिसऱ्यावर दोन-तीनशे रुपये. चौथ्यावर साडेपाच हजार.

धूर, आग आणि तापलेला गोळा

आता आमच्या विषयाकडे येऊ. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे असे म्हणता येते. कारण आगीशिवाय धूर कुठेच सापडत नाही. याला नैयायिक व्याप्ती म्हणतात. पण उलट म्हणून पाहा. आग आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे. हे चालते का? नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा घ्या. आग आहे, धूर नाही. एक असे उदाहरण सापडले की नियम मोडला. हेतू व्यभिचारी ठरला.

मग आपल्याला एरवी आगीबरोबर धूर का दिसतो? कारण चुलीत ओले लाकूड असते. धूर नुसत्या आगीने होत नाही, ओल्या सरपणाशी आगीचा संयोग झाला की होतो. ही जी न सांगितलेली अट आहे, तिला आमच्या शास्त्रात उपाधी म्हणतात. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात हेच उदाहरण आहे, आणि बी.ए.च्या मुलांना ते परीक्षेपुरते पाठ असते. आम्हांलाही, खरे सांगायचे तर, ते त्या दिवसापर्यंत पाठच होते.

आता फ्रिज. "कॉम्प्रेसर गेला असेल तर फ्रिज सुरू होणार नाही", हे पक्के. त्यात शंका नाही. पण "फ्रिज सुरू होत नाही, म्हणून कॉम्प्रेसर गेला", हे उलटे वाक्य आहे. इथले ओले लाकूड कोणते? दाब सारखा झालेला असणे, व्होल्टेज पुरेसे असणे, रिले धडधाकट असणे. या तिन्ही अटी पुऱ्या असतील आणि तरीही मोटर वळत नसेल, तरच "कॉम्प्रेसर गेला" म्हणण्याचा अधिकार मिळतो. त्या मुलाने तिन्हींपैकी एकही तपासली नव्हती. आणि डबा गरम होता, हे त्याने पुरावा म्हणून धरले. पण तो गरम कशाने झाला होता? आम्ही रात्रभर प्लग न काढता ठेवला होता, आणि तो दर दोन-तीन मिनिटांनी घुंऽऽ करत तापत होता. अडकलेल्या कोणत्याही मोटरला ताप येतोच. त्या उष्णतेवरून कारण कळत नाही.

मिस्त्रींची परीक्षा

दुपारी शेजाऱ्यांनी एका जुन्या मिस्त्रींना आणले. पूर्वी मोटर रिवाइंडिंग करायचे. त्यांनी फ्रिजला हात लावण्याआधी आम्हांला तीन प्रश्न विचारले. आवाज कसा येतो? केव्हापासून? आणि त्यानंतर तुम्ही काय काय केलंत? तिसऱ्या प्रश्नाला आम्ही खरे उत्तर दिले. ते म्हणाले, "सर, आता आधी ह्याला जरा विसावा देऊ." प्लग काढला आणि चहा मागितला. अर्धा तास त्यांनी काहीही केले नाही. आम्ही अस्वस्थ. नंतर लक्षात आले की तीही तपासणीच होती. दाब सारखे होऊ दिले, चकती आणि ओव्हरलोड गार होऊ दिले. पहिले कारण त्यांनी चहा पिता पिता बाजूला केले.

अर्ध्या तासाने सुरू केला. पुन्हा घुंऽऽ, टक.

मग व्होल्टेज. आमचा फ्रिज एका एक्स्टेन्शन बोर्डावर होता. मिस्त्रींनी मल्टिमीटर त्याच बोर्डाच्या शेजारच्या भोकांत लावला. २२५ व्होल्ट. आम्ही म्हटले, मग व्होल्टेज ठीक आहे. ते म्हणाले, "थांबा, ओझं पडू द्या." पुन्हा दहा मिनिटे वाट पाहिली, आणि मीटरकडे बघत फ्रिज चालू केला. घुंऽऽ सुरू होताच आकडा १६० वर आला. टक झाले, पुन्हा २२५. भिंतीतल्या सॉकेटवर हेच केले तेव्हा आकडा २१५ च्या खाली गेला नाही. एक्स्टेन्शनचा प्लग उपसला तर एक पिन तपकिरी झालेली, करपलेली. ढिला जोड. रिकाम्या हाताने माणूस ताठ उभा राहतो, डोक्यावर पोते दिल्यावर गुडघे कळतात, तसे हे. व्होल्टेज मोजायचे ते मोटर सुरू होण्याच्या क्षणी. एरवीचा आकडा फसवा.

आम्हांला वाटले, सापडले कारण. भिंतीच्या सॉकेटवर फ्रिज चालायला हवा होता. पण तिथेही घुंऽऽ, टक.

मग त्यांनी प्लग काढून बाजूचे झाकण उघडले आणि रिले ओढून हातात घेतला. कानाजवळ नेऊन हलवला. आतून खुळखुळ आवाज आला. चकतीचे तुकडे झाले होते. ती आधीच तडकली होती की आमच्या दहा वेळच्या चालू-बंदने फुटली, हे त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. (हशा)

रिले काढल्यावर डब्यावर तीन पिना दिसतात, कॉमन, स्टार्टिंग आणि रनिंग. त्यांनी मीटरने दोन-दोन पिनांमधले ओहम मोजले आणि आम्हांला लिहून घ्यायला सांगितले. १२, २०, ३२. म्हणाले, "बेरीज करा." बारा आणि वीस, बत्तीस. हिशेब असा की कॉमनपासून रनिंगपर्यंतचा विरोध सर्वांत कमी, कॉमनपासून स्टार्टिंगपर्यंतचा त्याहून जास्त, आणि रनिंग ते स्टार्टिंग ही त्या दोघांची बेरीज. आकडे प्रत्येक मॉडेलचे निराळे, पण बेरीज जुळली पाहिजे. मग प्रत्येक पिन आणि डब्याचे उघडे धातू यांच्यामध्ये मोजले. तिथे मीटरने काहीच दाखवू नये. काही दाखवले नाही. म्हणजे वाइंडिंग तुटलेले नाही आणि अंगाला लागलेले नाही.

त्यानंतर मिस्त्रींनी जे केले ते आम्ही वर्गात शिकवत होतो, पण कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. पिशवीतून त्याच जातीचा नवा रिले काढून लावला, आणि फ्रिज मुद्दाम जुन्या एक्स्टेन्शनवर जोडला. घुंऽऽ, टक. दहा मिनिटे थांबले. मग नवा रिले तसाच ठेवून भिंतीच्या सॉकेटवर. मागून एक छोटासा हिसका बसला आणि कॉम्प्रेसर गुणगुणू लागला. पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "झाला वाटतं."

आता बघा. जुना रिले आणि चांगले सॉकेट, चालला नाही. नवा रिले आणि खराब एक्स्टेन्शन, चालला नाही. नवा रिले आणि चांगले सॉकेट, चालला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली, बाकी सगळे तसेच. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जी व्यतिरेकाची पद्धत मांडली, ती हीच. आणि तिने दाखवले ते काय? दोष एक नव्हता, दोन होते. दोन्ही एकदम बदलले असते तर फ्रिज चालला असताच, पण करपलेला प्लग दोषी होता हे पक्के कळले नसते. आम्ही तो पुन्हा वापरला असता, कारण घरात दुसरा बोर्ड नव्हता, आणि महिन्याभरात आणखी एक रिले किंवा आणखी काही जळले असते.

माणसाच्या मनाला एक कारण पुरते. एक सापडले की आपण शोध थांबवतो. पहिल्या मेकॅनिकला "कॉम्प्रेसर" पुरला, आम्हांला "व्होल्टेज" पुरले होते. मिस्त्रींना मात्र फ्रिज चालल्याशिवाय काहीच पुरत नव्हते.

अगदीच गप्प असेल तर

आतापर्यंत आम्ही घुंऽऽ आणि टक करणाऱ्या फ्रिजबद्दल बोललो. काही वेळा फ्रिज काहीच बोलत नाही. घुंऽऽ नाही, टक नाही. ती वाट निराळी. तिथे प्रश्न असा की वीज कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचते का?

आतला दिवा लागतो म्हणून पोहोचते, असे समजू नका. दिव्याची वाट निराळी आहे, ती दाराच्या बटणातून जाते. कॉम्प्रेसरची वाट थर्मोस्टॅटमधून आणि ओव्हरलोडमधून जाते. सॉकेट तपासायला मोबाईलचा चार्जर लावू नका, तो ढिल्या जोडावरही चालतो. इस्त्री लावून पाहा. स्टॅबिलायझर असेल तर त्याने वीज तोडली आहे का, ते बघा. थर्मोस्टॅटचे बटण सफाई करताना शून्यावर गेले आहे का? एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फ वितळवायचे बटण दाबलेले राहिले आहे का? फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर तो अधूनमधून वीस-तीस मिनिटे स्वतःच कॉम्प्रेसर बंद ठेवून बर्फ वितळवतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. आणि कॉम्प्रेसर हात न लाववण्याइतका तापलेला असेल, तर ओव्हरलोड उघडा आहे. तो गार व्हायला तास-दीड तासही लागू शकतो. थांबा.

इन्व्हर्टर फ्रिजची गोष्ट पूर्ण वेगळी. त्यात हा रिले नाही, स्टार्टिंग-रनिंगचा भेद नाही. एक इलेक्ट्रॉनिक कार्ड तीन सारख्या वाइंडिंगांना वीज पुरवते. तिथे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि बेरजेचा नियम लावला तर चांगल्या कॉम्प्रेसरला आपण मृत ठरवू.

खरोखर गेला, हे कधी म्हणायचे

ओहमचे तीन आकडे मिळतात आणि बेरीज जुळत नाही, किंवा एखादी जोडी पूर्ण तुटलेली दिसते, तर वाइंडिंग गेले. पिन आणि डबा यांच्यामध्ये मीटर काही दाखवतो, किंवा प्लग लावताच घरातला ब्रेकर पडतो, तर वाइंडिंग अंगाला लागले असण्याचा संभव मोठा. तो प्लग पुन्हा लावू नये. आणि आकडे बरोबर आहेत, सुरू होताना व्होल्टेज पुरेसे आहे, रिले नवा आहे, अर्धा तास विसावा दिला आहे, तरीही घुंऽऽ आणि टक, तर पंप आत अडकला. आता म्हणा, कॉम्प्रेसर गेला. हेच वाक्य आता ज्ञान झाले. सकाळी तो अंदाज होता.

एक इशारा. मल्टिमीटर लावणे, रिले काढणे हे ज्याला सवय आहे त्यानेच करावे, आणि ओहम मोजताना, झाकण उघडताना प्लग काढलेलाच असावा. कपॅसिटर असेल तर तो प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. गॅसच्या नळ्यांना तर कुणीच हात लावू नये. अलीकडच्या अनेक फ्रिजांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. कवचावर लेबल असते, ते वाचावे.

शेवटी त्या तरुण मेकॅनिकविषयी. त्याला दोष देणे सोपे आहे. पण मिस्त्रींना आमच्याकडे अडीच तास लागले, त्यातला निम्मा वेळ नुसता थांबण्यात गेला. थांबण्याचे पैसे कोणीच देत नाही. दिवसाला आठ घरे करायची असतील तर माणूस "बहुधा" वर निर्णय देतो, आणि बारा वर्षांच्या फ्रिजमध्ये त्याचा "बहुधा" अनेकदा बरोबरही निघत असेल. आम्ही मिस्त्रींना रिलेच्या पैशांबरोबर त्या अडीच तासांचे विचारले, तेव्हा ते संकोचले. आपण तपासणीचे पैसे द्यायला शिकलो नाही, म्हणून आपल्याला तपासणी मिळत नाही, सुटे भाग मिळतात.

एवढे बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, घरी मल्टिमीटर नाही. मग आम्ही काय करायचं?*

चार गोष्टी. प्लग काढा आणि दहा मिनिटे थांबा. मग एक्स्टेन्शन न वापरता सरळ भिंतीच्या सॉकेटवर लावा. तरीही टक झाले तर प्लग काढून ठेवा, पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. औषधे असतील तर लगेच दुसरीकडे हलवा, आणि आपल्या औषधाच्या पत्रकावर तापमानाचे काय लिहिले आहे ते वाचा. मेकॅनिक आला की त्याला विचारा, सुरू होताना व्होल्टेज किती येते आणि तीन पिनांचे आकडे किती? तो आकडे सांगू लागला तर त्याच्या हाती फ्रिज द्या.

*स्टॅबिलायझर घ्यावा का?*

तुमच्याकडे व्होल्टेज खालीवर होत असेल तर घ्यावा, पण वीज आल्यावर तीनेक मिनिटे उशिरा जोडणारा घ्यावा. दाब सारखा व्हायला वेळ मिळतो. तेवढी उसंत आमच्या फ्रिजला त्या संध्याकाळी कुणी दिली नाही.

*तो फ्रिज अजून चालतो का?*

चालतो. दिवाळीपासून थंड जरा कमी करतो आहे. पण कॉम्प्रेसर चालतो आणि थंड होत नाही, हा अगदी निराळा आजार, त्याची कारणेही निराळी. संयोजकांनी पुन्हा बोलावले तर त्यावर बोलू. (हशा)